पाटाला चिकटलेलं ताट

आमची आई इतकी थकलेली असे की तिच्या थकव्यासाठी जेवताना वेगळा पाट मांडायला हवा, असं बाबा म्हणत. मी वाढवून सांगते आहे असं वाटेल. मी सगळंच वाढवून सांगते, आमच्या घराण्याची ती चाल आहे. पणजोबा संस्थानच्या तोफखान्यात होते. आजोबा सांगायचे तेव्हा त्यांच्या हाताखाली एक तोफ होती. बाबांच्या तोंडी तिच्या तीन झाल्या, आणि गोष्ट माझ्याकडे आली तेव्हा त्या तोफा ओढायला माळव्यातले बैल पुरेनात. पण आईच्या थकव्याला माझा हात लागलेला नाही. तो मुळातच एवढा होता. बसमधून उतरून ती घरात शिरली की आधी तो थकवा आत यायचा, खुर्चीत बसायचा, आणि आईला बसायला जागा उरायची नाही. म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात जायची.

राजेंद्र नगरातलं आमचं घर तेव्हा वसाहतीच्या टोकाला होतं. सकाळी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग पोहे धुतल्याचा, मग बाबांचा, "अरे, जिरावनची बाटली कुठे गेली यार." इंदुरात पोह्यांवर जिरावन मसाला आणि शेव नसेल तर माणूस उपाशीच ऑफिसला गेला असं धरतात. माझे बाबा वीज मंडळात होते, तब्येतीने दांडगे आणि बोलायला त्याहून दांडगे. आई मुलींच्या शाळेत सहावीला सामान्य विज्ञान शिकवायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई वर्षानुवर्षं पाण्याची तीन रूपं शिकवत होती. पाणीसुद्धा कंटाळलं असेल. तिचा जीव होता तो उष्मागतिकीत, म्हणजे कुठली गोष्ट आपणहून घडते, कुठली घडत नाही, आणि का, या हिशेबात. कणीक मळताना ती कधीकधी एकटीच हसायची. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, एक समीकरण आठवलं." इतरांच्या आयांना गाणी आठवत.

आता माझे गुडघे तिच्या तेव्हाच्या गुडघ्यांपेक्षा म्हातारे झालेत, आणि लिफ्ट बंद असली की मी दुसऱ्या मजल्यावर थांबून त्या समीकरणाचा विचार करते. ते फार साधं आहे. त्या वेळी मात्र, अकरावीत असताना, मला ते आईला आमच्यापासून पळवून नेणाऱ्या माणसासारखं वाटायचं.

त्या साली गणपतीत वसाहतीच्या उत्सव मंडळाच्या व्याख्यानमालेचे पुण्याचे वक्ते आजारी पडले. पुण्याचे वक्ते इंदूरला यायचं ठरलं की आजारी पडतातच. मंडळाचे अध्यक्ष बाबांच्या ओळखीचे होते, आणि शहराबाहेर राऊकडे नव्याने निघालेल्या एका कॉलेजच्या समितीवरही होते. ते घरी आले, चहा प्यायले, आणि आईला म्हणाले, "ताई, तुम्ही बोला. विषय कुठलाही चालेल."

"एन्ट्रॉपी आणि मुक्त ऊर्जा," आई म्हणाली. तिने क्षणभरही विचार केला नाही. इतकी वर्षं कोणी विचारायची ती वाटच बघत असावी.

अध्यक्षांनी बशी खाली ठेवली. "अध्यात्मात बसतं ना हे?"

"रसायनात बसतं."

"ठीक. लोकांना कळलं पाहिजे मात्र. आणि ताई, कॉलेजला केमिस्ट्रीला माणूस बघतोय आम्ही. समितीतले दोघेतिघे ऐकायला असतील. समजून घ्या."

आईने समजून घेतलं. आम्हीही घेतलं. ते भाषण चांगलं झालं तर ती पाण्याच्या तीन रूपांतून सुटणार होती, आणि फसलं तर निवृत्त होईपर्यंत बर्फ, पाणी, वाफ. अडचण एकच होती. भाषणाची संध्याकाळ नेमकी महालक्ष्म्यांच्या जेवणाची आली.

महालक्ष्म्या आमच्याकडे म्हणजे छत्रीबागेची मोठी काकू आमच्याकडे. मुखवटे तिच्या ताब्यात. पूर्वी सण तिच्या घरी व्हायचा, पण काका गेल्यावर आणि जिना चढवेनासा झाल्यावर ती मुखवट्यांचा डबा मांडीवर घेऊन टेंपोने आमच्याकडे यायची आणि तीन दिवस राज्य करायची. सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी, पुरण, आंबील, आणि सगळं सोवळ्यात. काकू दारातून आत आली की सांडशीसुद्धा सावधान उभी राहायची. भाषणाचं कळल्यावर ती आईला म्हणाली, "कर ना कुसुम. मी कुठे मना करतेय? पण संध्याकाळची पंगत झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. सवाष्णी जेवायच्या आहेत, मज़ाक नाही."

"वहिनी, भाषण सातला आहे."

"तर पुरण लवकर घाल."

आईने पुरण पहाटे घातलं. दिवसभर ती ओल्या सोवळ्यात चुलीपुढे होती आणि पुटपुटत होती. येणाऱ्या सवाष्णींना वाटलं श्रीसूक्त चाललंय. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "...उष्णता वजा तापमान गुणिले..." दुपारी ती भिंतीला टेकून कोशिंबीर चिरत होती. मी म्हटलं, बस जरा. ती म्हणाली, "बसले तर उठणार नाही, बेबी. समतोलाला पोहोचलेली वस्तू आपणहून हलत नाही." मला वाटलं विनोद आहे. आता वाटत नाही.

भाषणात ती एक प्रयोग करून दाखवणार होती आणि सगळं त्या प्रयोगावर उभं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन पांढऱ्या भुकट्या तिने परवानगी काढून आणल्या होत्या. एक बेरियमचा क्षार, विषारी. दुसरा नवसागर, कल्हईवाला भांड्यात टाकतो तो. दोन्ही कोरडे, दोन्ही खोलीइतकेच गरम किंवा गार. पण एकत्र ढवळले की काही मिनिटांत त्यांचा लगदा होतो आणि तो इतका थंड पडतो की भांडं ओल्या लाकडावर ठेवलं असेल तर मधलं पाणी गोठून लाकूड भांड्याला चिकटतं. विस्तवाशिवाय, बर्फाशिवाय. हे दाखवून ती विचारणार होती, जळणारी गोष्ट आपणहून जळते हे आपल्याला पटतं, कारण ती उष्णता देते. पण ही तर उष्णता मागते आहे, मग ही आपणहून का घडते?

स्वयंपाकघर सोवळ्यात गेल्यावर काकूने तिथलं सगळं परकं सामान बाहेर काढायला लावलं. दोन्ही भुकट्या डब्यांत होत्या, डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या होत्या. बाबांनी ते डबे पुढच्या खोलीत खिडकीत ठेवले. तिथे रांगोळीचे डबे होते. "वेगळं राहील," असं म्हणून ठेवले. बाबांची प्रत्येक योजना या वाक्याने सुरू व्हायची.

आता काकूच्या पावलांबद्दल सांगायला हवं. दारात लक्ष्मीची पावलं काढली की येणाजाणाऱ्यांच्या पायांनी पुसतात, म्हणून छत्रीबागेत असल्यापासून तिची एक रीत होती. लाकडी पाट धुवायचा, ओल्या पाटावर स्टीलचं मोठं ताट ठेवायचं आणि ताटात रांगोळीची जाड पावलं उठवायची. जाड म्हणजे किती, तर काकूचं पाऊल भाकरीएवढं फुगीर असे. आमच्याकडे येणारी लक्ष्मी चांगली खात्यापित्या घरची होती. त्या संध्याकाळी, सवाष्णी जमायला लागल्यावर, काकू चष्मा न लावता पावलं काढायला बसली. चिठ्ठीवाल्या एका डब्यातली रांगोळी अर्ध्यात संपली. तिने शेजारचा तसाच डबा उघडला, तीही पांढरीच होती. वरून ती भरली, आणि पोत सारखा यावा म्हणून बोटांनी नीट कालवून घेतली.

मी तिथेच होते. काकू एकदम म्हणाली, "बेबी, रांगोळी ओली कशी झाली गं?"

पावलं घामेजली होती. बघता बघता टाचेकडून विरघळायला लागली, आणि असा वास सुटला की पहिल्या सवाष्णीने पदर नाकाला लावला, दुसरी दोन पावलं मागे गेली, आणि पार राऊच्या नाक्यावर ट्रकवाले शिंकले. बाबा बाहेर आले. "वहिनी, देवी आली ती गोठ्यातून आली का?"

"चूप बसा," काकू म्हणाली. तिचं बोट ताटात होतं. "गार आहे. अहो, बर्फासारखं गार आहे." ताट आत न्यावं म्हणून तिने ते उचललं, आणि खालचा पाट ताटाबरोबर वर आला. सुटेना. तिने हलवलं. सुटेना.

मग कोणीतरी म्हटलं, "देवीने पाट धरला." आणि एक एक करून बायका वाकायला लागल्या. काकूचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. काका गेल्यापासून तिच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. तिने ताट खाली ठेवलं, आणि ओलं बोट कपाळाला लावायला वर नेलं.

आईने ते बोट वाटेतच धरलं. ती स्वयंपाकघरातून कधी आली हे कोणाला दिसलं नाही. सोवळ्यातच आली, सगळ्यांना शिवत आली. "वहिनी, हात धुवा. आत्ता. तोंडाला, डोळ्याला लावू नका. बेबी, साबण. कोणी ताटाला हात लावायचा नाही, विष आहे ते."

"विष?" काकू म्हणाली. "पावलांत?"

आईने ताटाकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, रिकाम्या डब्यांकडे बघितलं, आणि उंबऱ्यावर बसली. मला वाटलं आता ही रडेल. तिचा प्रयोग झाला होता, हुकमी झाला होता, फक्त भाषणाच्या आधी, दुसऱ्याच्या हातून आणि भलत्या नावाने. डब्यांत काही उरलं नव्हतं. ती इतक्या थकल्या आवाजात बोलायला लागली की बायकांना पुढे सरकावं लागलं.

"देवी नाही, वहिनी. माझं सामान होतं ते. दोन्ही मिसळलं की गार पडतं."

काकूचे हात मी बादलीत धरून ठेवले होते. आई तिचं काहीतरी हिरावून घेत होती आणि ते दोघींनाही कळत होतं. मग काकू म्हणाली, "गार पडायला कोणी सांगितलं त्याला? चूल लावली की भात शिजतो. न लावता कोणी आपली ऊब देऊन टाकतं का?"

आईने मान वर केली. वर्षानुवर्षं शाळेत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"पंगत बसते तेव्हा कसे बसतात सगळे?" ती म्हणाली. "रांगेत. ज्याचा पाट त्याने धरायचा. बसायची तऱ्हा एकच. हे दोन्ही क्षार तसे बसलेले होते. मिसळले आणि पंगत उठली. काही पाणी होऊन खोलीभर फिरायला लागले, काही वायू होऊन दाराबाहेर पानाच्या टपरीकडे गेले, त्यांचाच हा वास. उठलेल्या पंगतीला असायच्या तऱ्हा अगणित. या अगणितपणाला एन्ट्रॉपी म्हणतात. निसर्गाला उष्णता सोडायला आवडतं, वहिनी, पण पसरायलाही आवडतं. आणि इथे पसरण्याचा लोभ इतका मोठा आहे की त्यासाठी ऊब द्यावी लागली तरी चालते. ती ऊब ताटाची घेतली, पाटाची घेतली, तुमच्या बोटाची घेतली."

"आणि हे रोज होतं?"

"सगळीकडे, रोज. दोन्ही लोभांची गोळाबेरीज करून जे उरतं, ते कामाला मोकळं. त्याला मुक्त ऊर्जा म्हणतात. ती खाली उतरत असेल तरच गोष्ट आपणहून घडते. माणसात जोर किती आहे यावर काम ठरत नाही. त्यातला मोकळा किती, यावर ठरतं."

काकूने आईकडे पाहिलं. ओलं सोवळं, पिठाचे हात, काळवंडलेले डोळे. मागे सोळा भाज्या वाढायच्या राहिल्या होत्या. पंडालच्या भोंग्यातून कोणीतरी "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणत होतं.

"बेबी," काकू म्हणाली, "ते ताट-पाट टॉवेलात गुंडाळ. कुसुम, साडी बदल. पंगत मी बघते."

"वहिनी, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघते. जल्दी कर, ते सुटून जाईल."

आम्ही मैदान ओलांडून धावलो. आई पुढे, छातीशी टॉवेलचं गाठोडं, मी मागे, बाबा सगळ्यात मागे, "भिया, रस्ता द्या, देवी चालली" असं ओरडत. वाटेत गाठोड्यातून थेंब गळायला लागले. पंडालमध्ये अध्यक्षांनी ओळख करून दिली, पहिल्या रांगेत समितीचे लोक हाताची घडी घालून बसले होते. आईने टॉवेल सोडला, म्हणाली, "हे ताट या पाटाला गोठून चिकटलेलं आहे," आणि ताट उचललं.

पाट पडला. अध्यक्षांच्या पायावर पडला. लोक हसले. मी नंतर ही गोष्ट नातवंडांना सांगताना पाट चिकटलेलाच ठेवते, ताटासकट अध्यक्षांनाही वर उचलते. पण त्या संध्याकाळी तो पडला, आणि आई नुसतं ताट हातात धरून उभी राहिली. हसणं थांबेपर्यंत ती थांबली. घाई करायची ताकदच तिच्यात नव्हती. मला आजही वाटतं, ती थोडी ताजीतवानी असती तर सारवासारव करायला गेली असती आणि भाषण बुडालं असतं.

"सुटलं," ती म्हणाली. "घरून निघाले तेव्हा घट्ट होतं. आता ते या हवेइतकं झालंय. आता मी कितीही ढवळलं तरी ते पुन्हा गार पडणार नाही आणि त्याचे पुन्हा दोन कोरडे डबे होणार नाहीत. ते दमलं म्हणून नाही. त्याच्याजवळ आता देण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. आज मी याच्याबद्दल बोलणार आहे."

मग ती बोलली. कल्हईवाल्याचा नवसागर तापलेल्या भांड्यात फुटून दोन वायू का होतो, आणि वर गार हवेत जाऊन पुन्हा पांढरा धूर का होतो, हे तिने सांगितलं. वस्तू तीच, पण तापमान वाढलं की पसाऱ्याचं वजन वाढतं, उतरलं की जोडीने राहण्याचं. शेवटच्या रांगेतला भजी तळणारा झारा हातात धरून ऐकत होता, असं मी सांगते. निदान त्या दिवशीची भजी जळली होती हे नक्की. राऊच्या कॉलेजात तिला नोकरी लागली. लंगडत का होईना, अध्यक्ष स्वतः सांगायला आले. पुढे कितीतरी वर्षं ती त्या बसने गेली आणि तशीच थकून परत आली. फक्त थकवा आता खुर्ची अडवून बसत नसे.

पण मला भाषणापेक्षा त्यानंतरचं जेवण आठवतं. आम्ही परतलो तेव्हा सवाष्णी जेवून गेल्या होत्या, भांडी घासून पालथी घातली होती, दार धुतलेलं होतं. आईने आधी ताटातला लगदा बादलीत काढून त्यावर तुरटीचं पाणी ओतलं. पांढरा गाळ तळाशी बसला. "आता याचं विष गेलं," ती म्हणाली. मग काकूने तिला खांद्याला धरून बसवलं, धुतलेल्या त्याच पाटावर, आणि समोर पान वाढलं. पुरणपोळी, तूप, आंबील, आणि सोळाच्या सोळा भाज्या. आई दुसऱ्याने वाढलेलं गरम अन्न जेवते आहे असं दृश्य मी तोवर पाहिलेलं नव्हतं. काकू भिंतीला टेकून समोर बसली, दोन्ही पाय लांब करून. तिचे गुडघे सुजून नारळ झाले होते, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"पाट पडला."

"मग?"

"मग बोलले."

काकू हुंकारली.

"कुसुम, एक सांग. ज्याची ती मोकळी ऊर्जा संपलेली आहे, त्याने काहीच करायचं नाही का? बसून राहायचं?"

आई घास हातात धरून थांबली. "करता येतं, वहिनी. जी गोष्ट आपणहून होत नाही, ती दुसऱ्या एखाद्या होणाऱ्या गोष्टीला जोडून देतात. मग ती होते. आपल्या शरीरात सगळं तसंच चालतं. पण त्या दुसऱ्याची ऊर्जा तेवढी खाली उतरते."

"हो," काकू म्हणाली, आणि गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. "ते कळलं मला."

मग तिने हात लांब करून आईच्या पोळीवर आणखी तूप घातलं.